फ्रीमेसनांची लॉजगृहे : बाहेरचा दर्शनी भाग आणि आतले दालन

मध्ययुगीन युरोपात कॅथीड्रलसारखे मोठे बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत असे, आणि त्या कामाच्या जागी पाथरवट व गवंडी यांना दगड घडवण्यासाठी, हत्यारे ठेवण्यासाठी आणि पावसापाण्यात टेकण्यासाठी एक छपरी उभारलेली असे. तिला लॉज म्हणत. कालांतराने त्या छपरीत एकत्र काम करणाऱ्या कारागिरांच्या संघटनेलाच हे नाव पडले. स्कॉटलंडमध्ये राजाच्या बांधकामांचा प्रमुख विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ मध्ये अशा संघटनांसाठी नियम घालून दिले, आणि एडिंबरोच्या मेरीज चॅपल या लॉजच्या सभांची टिपणे १५९९ पासून आजही उपलब्ध आहेत. सतराव्या शतकात या कारागिरांच्या मंडळांत जमीनदार, वकील, विद्वान अशी आयुष्यात कधी छिन्नीला हात न लावलेली माणसे सभासद म्हणून शिरू लागली, हळूहळू त्यांचीच संख्या वाढली, प्रत्यक्ष गवंडीकाम मागे पडले आणि गुण्या, ओळंबा, पाणसळ, कंपास, थापी ही हत्यारे नीतिपाठ सांगणारी प्रतीके बनली. अशा रीतीने घडलेला बंधुसंघ म्हणजे फ्रीमेसन. परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉज सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारातील ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ या मद्यगृहात एकत्र आले आणि त्यांनी आपली शिखरसंस्था, म्हणजे ग्रँड लॉज, स्थापन केली.

या इतिहासात एक मौजेचा विरोधाभास आहे. ज्या मंडळाची सारी परिभाषा बांधकामाची, ज्याचे आदर्श पुराण म्हणजे जेरुसलेममधील शलमोन राजाच्या मंदिराची उभारणी, त्या मंडळाला पहिली काही दशके स्वतःची इमारत जवळपास नव्हतीच. सभा भरत त्या मद्यगृहांच्या माडीवरील भाड्याच्या खोल्यांत, आणि लॉजला नावही पुष्कळदा त्या मद्यगृहाचेच असे. सभेपूर्वी खोलीच्या जमिनीवर खडूने किंवा कोळशाने एक आकृती काढली जाई, तिच्यात मंदिराचे खांब, पायऱ्या आणि हत्यारे दाखवलेली असत, दीक्षाविधी त्या आकृतीभोवती होई, आणि विधी संपला की बादली व पोचारा घेऊन ती पुसून टाकली जाई, कारण उद्या सकाळी त्याच खोलीत इतर गिऱ्हाइके बसायची असत. पुढे दर वेळी आखण्याचा खटाटोप टाळण्यासाठी ती आकृती कापडावर रंगवून गुंडाळून ठेवण्याची पद्धत आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे रंगवलेले लाकडी फलक झाले, ज्यांना ट्रेसिंग बोर्ड म्हणतात. लॉजच्या वास्तुकलेचा आरंभ असा जमिनीवरच्या पुसता येणाऱ्या रेषांपासून झाला, आणि पुढे उभ्या राहिलेल्या शेकडो इमारतींचे वैशिष्ट्यही तेथूनच उलगडते: फ्रीमेसनांच्या दृष्टीने वास्तू म्हणजे मुळात एक दालन होते, त्याच्याभोवती कोणते घर उभे आहे हा प्रश्न नंतरचा.

ते दालन लांबट आयताकृती असते आणि त्याचा लांबीचा अक्ष पूर्व-पश्चिम मानलेला असतो. मानलेला असे म्हणण्याचे कारण असे की शहरातील वेड्यावाकड्या भूखंडावर खरी पूर्व साधणे बहुधा शक्य नसते. अध्यक्षाचे आसन जेथे मांडले जाईल ती पूर्व, मग होकायंत्र काहीही सांगो. लॉजच्या अध्यक्षाला मास्टर म्हणतात. सूर्य पूर्वेला उगवून दिवसाचे काम सुरू करतो म्हणून तो पूर्वेला बसतो, वरिष्ठ वॉर्डन हा दुसरा अधिकारी मावळतीला म्हणजे पश्चिमेला बसतो, आणि कनिष्ठ वॉर्डन मध्यान्हीचा सूर्य जेथे असतो त्या दक्षिणेला. उत्तर बाजूला या तिघांपैकी कोणाचेही आसन नसते, कारण प्रतीकांच्या भाषेत ती अंधाराची दिशा आहे; हा संकेत उत्तर गोलार्धात घडलेला असल्याचे त्यावरून सहज कळते. इंग्लिश पद्धतीत मास्टरचे आसन तीन पायऱ्यांवर, वरिष्ठ वॉर्डनचे दोन आणि कनिष्ठ वॉर्डनचे एका पायरीवर असते. तिघांजवळ ग्रीक वास्तुकलेतील तीन स्तंभप्रकार दाखवलेले असतात: मास्टरजवळ गुंडाळ्या असलेल्या शीर्षाचा आयोनिक म्हणजे प्रज्ञा, वरिष्ठ वॉर्डनजवळ आखूड व जाड डोरिक म्हणजे बळ, कनिष्ठ वॉर्डनजवळ पानांच्या नक्षीचा कोरिंथियन म्हणजे सौंदर्य. दालनाच्या मध्यभागी काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरसबंदी असते किंवा तसा गालिचा अंथरलेला असतो, आणि छतावर अनेक ठिकाणी निळ्या रंगात तारे रंगवलेले असतात. एक अनघड आणि एक घडीव असे दोन दगड ठेवलेले असतात. दीक्षेपूर्वीचा माणूस आणि संस्कारित माणूस असा त्यांचा अर्थ. याखीन आणि बवाज हे शलमोनाच्या मंदिराच्या देवडीतील दोन खांब कुठे प्रवेशाशी प्रत्यक्ष उभे केलेले असतात, तर कुठे वॉर्डनांच्या मेजांवर त्यांच्या छोट्या प्रतिकृती ठेवलेल्या असतात.

दालनाबाहेरच्या खोल्यांनाही तितकेच महत्त्व आहे. मुख्य दारावर नागवी तलवार घेतलेला पहारेकरी उभा असतो, त्याला टायलर म्हणतात. दाराच्या आतल्या बाजूला दुसरा रक्षक असतो, आणि दोघांमधील व्यवहार ठरावीक ठोक्यांनी चालतो. नव्या उमेदवाराला तयार करण्यासाठी एक वेगळी खोली लागते, सभासदांना विधीची वस्त्रे व एप्रन घालण्यासाठी दुसरी, आणि विधी आटोपल्यावर जेवणासाठी पंगतीची जागा तिसरी. दालनाला खिडक्या नसतात, असल्याच तर इतक्या उंचावर की समोरच्या माडीवरूनही आत काही दिसू नये. बाहेरून पाहणाऱ्याला रिकामी भिंत खटकू नये म्हणून कित्येक वास्तुविशारदांनी दगडात आंधळ्या खिडक्या कोरल्या, म्हणजे चौकट, कमान, उंबरा सगळे आहे आणि मध्ये काचेऐवजी भिंत.

खास लॉजसाठी बांधलेली आणि आजही उभी असलेली सर्वांत जुनी खोली म्हणून एडिंबरोतील कॅनगेट किलविनिंग लॉजच्या १७३६ मधील सेंट जॉन चॅपलचे नाव घेतले जाते. ग्रँड लॉजला मात्र लंडनमध्ये स्वतःचे सभागृह मिळायला आणखी चार दशके जावी लागली. ग्रेट क्वीन स्ट्रीटवर जागा घेऊन १ मे १७७५ रोजी कोनशिला बसवण्यात आली आणि टॉमस सँडबी याने रचलेले सभागृह २३ मे १७७६ रोजी विधिपूर्वक खुले झाले. त्याला लागूनच फ्रीमेसन्स टॅव्हर्न हे मद्यगृह चालत राहिले, म्हणजे मद्यगृहाशी असलेले जुने नाते तुटले नाहीच. दालने इतर संस्थांना भाड्याने दिली जात, संगीताच्या मैफली आणि सार्वजनिक सभा तेथे होत. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची स्थापना करणारी बैठक २६ ऑक्टोबर १८६३ रोजी याच टॅव्हर्नमध्ये झाली, ही गोष्ट फुटबॉलच्या चाहत्यांना कदाचित ठाऊक नसेल. सर जॉन सोन याने १८२८ नंतर येथे आणखी एक दालन बांधले, पण १८६० च्या दशकातील वाढीव बांधकामात ते पाडले गेले. आज तेथे दिसते ती तिसरी इमारत, १९२७ ते १९३३ या काळात ॲश्ली आणि न्यूमन यांनी पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या तीन हजारांहून अधिक फ्रीमेसनांचे स्मारक म्हणून उभारलेली. तिचा पैसा साम्राज्यभरातील सभासदांच्या वर्गणीतून आला. बाहेरून ती एखाद्या गंभीर सरकारी कचेरीसारखी दिसते, आतला सांगाडा पोलादी आहे, सजावट त्या काळच्या आर्ट डेको शैलीची आहे, आणि मधोमध असलेल्या मुख्य दालनाभोवती वीसहून अधिक लहान दालने आहेत. एवढी दालने लागतात कारण एका इमारतीत एकच लॉज असतो असे नाही. अनेक लॉज ठरलेल्या संध्याकाळी आळीपाळीने तीच जागा वापरतात.

आतला आराखडा इतका पक्का असल्यामुळे शैलीच्या बाबतीत मात्र वास्तुविशारदांना भरपूर मोकळीक होती, आणि तिचा सर्वांत उधळा उपयोग अमेरिकेतील फिलाडेल्फियात झालेला दिसतो. २४ जून १८६८ रोजी, म्हणजे फ्रीमेसनांना पवित्र असलेल्या संत जॉनच्या दिवशी, तेथील मेसॉनिक टेंपलची कोनशिला बसली; वास्तुविशारद जेम्स विंड्रिम तेव्हा तिशीतही पोहोचलेला नव्हता. बायबलनुसार शलमोनाच्या मंदिरासाठी दगड खाणीतच घडवून आणले होते आणि बांधकामाच्या जागी हातोड्याचा आवाजसुद्धा झाला नव्हता. त्या कथेला जागून फिलाडेल्फियातही दगड खाणीवरच घडवून, खुणा घालून आणल्याचे सांगितले जाते. सप्टेंबर १८७३ मध्ये इमारत पूर्ण झाली तेव्हा बाहेरून ती जाड भिंती, गोल कमानी आणि मनोरे असलेला मध्ययुगीन नॉर्मन किल्ला वाटत होती. आतली सजावट पुढे जॉर्ज हर्झॉग या चित्रकाराने अनेक वर्षे खपून केली आणि प्रत्येक दालनाला वेगळा देश व वेगळा काळ दिला: कोरिंथियन, आयोनिक, नॉर्मन, गॉथिक, रेनेसाँ, ‘ओरिएंटल’ आणि इजिप्शियन. ओरिएंटल दालनात स्पेनमधील अल्हम्ब्रा राजवाड्याची रंगीत नक्षी आहे, आणि इजिप्शियन दालनातील चित्रलिपी ही नुसती शोभेची नसून वाचता येण्यासारखी आहे. सात दालने, सात वेशभूषा, आणि प्रत्येकात पूर्वेला तेच आसन. याला कोणी अभिरुचीचा अतिरेक म्हणेल, आणि ते चूकही नाही. पण फ्रीमेसनांची श्रद्धा अशी होती की बांधणाऱ्यांचे ज्ञान सर्व प्राचीन संस्कृतींतून वाहत आले आहे, म्हणून त्या संस्कृती एका छपराखाली मांडणे हे त्यांच्या लेखी इतिहासकथनच होते. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीटवरील १८६९ सालच्या इमारतीत हीच कल्पना अधिक संयमाने आली आहे. तिच्या दर्शनी भागात खालच्या मजल्यावर डोरिक, मधल्यावर आयोनिक आणि वरच्यावर कोरिंथियन स्तंभ एकावर एक चढवलेले आहेत. वॉशिंग्टनमध्ये जॉन रसेल पोप याने १९११ ते १९१५ दरम्यान ‘हाउस ऑफ द टेंपल’ बांधताना आशिया मायनरमधील हॅलिकार्नासस येथील प्राचीन समाधीचा नमुना घेतला, आणि तेथील फ्रीमेसन पंथातील दीक्षेच्या ३३ पायऱ्या दर्शवण्यासाठी इमारतीभोवती प्रत्येकी ३३ फूट उंचीचे ३३ स्तंभ उभे केले.

अशा राजेशाही इमारतींपेक्षा अमेरिकेच्या लहान गावांतील लॉजगृहे अधिक बोलकी आहेत, आणि ती बहुतेकदा फ्रीमेसनांपेक्षा साध्या माणसांच्या संघटनांची आहेत. ‘ऑड फेलोज’ हा मूळचा इंग्लंडमधील बंधुसंघ १८१९ मध्ये टॉमस वाइल्डी याने बाल्टिमोरला रुजवला. सभासद नियमित वर्गणी भरत, आणि तिच्यातून आजारपणात मदत, मरणानंतर अंत्यविधीचा खर्च, विधवा व अनाथ मुलांना आधार मिळे. सरकारी विमा किंवा निवृत्तिवेतन नसलेल्या काळात ही मोठीच सोय होती. त्यांची खूण म्हणजे मैत्री, प्रेम आणि सत्य दर्शवणाऱ्या साखळीच्या तीन कड्या, आणि त्या आजही शेकडो गावांच्या बाजारपेठेतील विटांच्या इमारतींच्या माथ्यावर कोरलेल्या दिसतात. या इमारतींचा ढाचा बहुधा ठरलेला असे: तळमजल्यावर किराणा, औषधे किंवा लोखंडी सामानाची दुकाने, कुठे टपालकचेरी किंवा बँक, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर लॉजचे दालन. दुकानांच्या भाड्यातून बांधकामाचे कर्ज फिटे, उंचीमुळे एकांत मिळे, आणि बांधकामाच्या दृष्टीनेही हेच सोयीचे होते, कारण ज्या खोलीवर दुसरा मजला नाही तेथे मधे खांब न घालता छपराच्या कैच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकता येतात आणि मोकळे, उंच दालन मिळते. दीक्षाविधीत मृत्यूची आठवण देण्यासाठी हे लोक शवपेटीत ठेवलेला मानवी सांगाडा वापरत. लॉज बंद पडल्यानंतर अशा इमारती विकत घेणाऱ्यांना माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत तो सापडल्याच्या आणि पोलिसांची धावपळ झाल्याच्या घटना आजही घडतात.

खाली भाडे आणि वर विधी या हिशेबाची सर्वांत उंच आवृत्ती शिकागोत उभी राहिली. बर्नहॅम आणि रूट यांनी रचलेले तेथील मेसॉनिक टेंपल १८९२ मध्ये पूर्ण झाले. ३०२ फूट उंचीची ही इमारत तेव्हा शहरातील सर्वांत उंच होती, तिच्या मध्यभागी वरपर्यंत उघडा प्रकाशचौक होता, खाली दुकाने, मध्ये कचेऱ्या आणि वरच्या मजल्यांवर लॉजची दालने होती. अपुऱ्या उद्‌वाहनांमुळे तिचा धंदा खालावत गेला आणि १९३९ मध्ये ती पाडण्यात आली. डेट्रॉइटने वेगळी वाट धरली. जॉर्ज मेसन या, योगायोगाने आडनावाने शोभणाऱ्या, वास्तुविशारदाचे १९२६ मध्ये खुले झालेले तेथील मंदिर हजाराहून अधिक खोल्यांचे आहे, त्यात दालने, नाट्यगृहे, नृत्यगृहे आहेत आणि पैशाअभावी अर्धवट राहिलेला पोहण्याचा तलावही आहे.

वंशभेदामुळे गोऱ्यांच्या लॉजची दारे ज्यांना बंद होती त्या कृष्णवर्णीयांनी आपली वेगळी परंपरा उभी केली. प्रिन्स हॉल या बोस्टनमधील माणसाने १७७५ मध्ये एका ब्रिटिश लष्करी लॉजकडून दीक्षा घेतली, १७८४ मध्ये लंडनहून सनद मिळवली, आणि त्याच्या नावाने चालणाऱ्या लॉजगृहांना पुढे वेगळेच महत्त्व आले, कारण जेथे कृष्णवर्णीयांना सभेसाठी दुसरे सभागृह मिळत नसे तेथे ही इमारत संपूर्ण समाजाची होई. अटलांटातील ऑबर्न अॅव्हेन्यूवरच्या प्रिन्स हॉल मेसॉनिक टेंपलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालील सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सची कचेरी होती, आणि कृष्णवर्णीय मालकीचे अमेरिकेतील पहिले नभोवाणी केंद्रही याच इमारतीतून बोलत असे.

भारतात फ्रीमेसन आले ते कंपनीच्या व्यापाऱ्यांबरोबर आणि पलटणींबरोबर: कलकत्त्यात १७३० च्या सुमारास, मद्रासेत १७५२ मध्ये, मुंबईत १७५८ मध्ये. भारतीयांना प्रवेश मिळायला मात्र बराच काळ लागला, आणि त्यात मुंबईच्या माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांचा वाटा मोठा आहे. इंग्लिश लॉजमध्ये प्रवेश न मिळाल्याने त्यांनी पॅरिसला दीक्षा घेतली. परतल्यावरही मुंबईतील युरोपीय सभासदांनी त्यांना सामावून घेतले नाही, तेव्हा स्कॉटिश परंपरेचे प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा भारतीयांना खुला असलेला लॉज स्थापन केला. पुढे खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखे विद्वान त्याचे सभासद झाले. या बदलाचा परिणाम दालनाच्या आतही झाला. शपथ घेताना समोर धर्मग्रंथ असावा हा नियम. ईश्वरावर श्रद्धा हवी, मात्र तो अमुकच धर्माचा असावा अशी अट नाही, म्हणून भारतीय लॉजमध्ये बायबलशेजारी अवेस्ता, कुराण आणि गीता आली. मांडणी तीच राहिली आणि मेजावरची पुस्तके वाढली; वसाहतीच्या काळात एकाच खोलीत इंग्रज, पारशी, मुसलमान आणि हिंदू यांनी बरोबरीने बसण्याच्या जागा मोजक्याच होत्या, आणि ही त्यांपैकी एक होती, जरी तिचे दार वरच्या वर्गापुरतेच उघडत असे.

मुंबईचे फ्रीमेसन्स हॉल १८९७ चे आहे. ते फोर्टमधील ज्या रस्त्यावर आहे त्याचे जुने नाव रॅव्हलिन स्ट्रीट, आणि रॅव्हलिन म्हणजे किल्ल्याच्या तटापुढे खंदकात बांधलेला त्रिकोणी बुरूज. १८६० च्या दशकात तट पाडून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात जी नवी मुंबईनगरी उभी राहिली तिच्यातलीच ही इमारत. आसपासच्या गॉथिक थाटाच्या सार्वजनिक इमारतींच्या मानाने ती शांत आहे आणि वाटसरूचे लक्ष क्वचितच वेधून घेते. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाला, आणि मुंबईच्या या वास्तूत आजही लॉज भरतात. रात्रीच्या सभा, बंद दार आणि आतले काही न दिसणाऱ्या भिंती यांमुळे उपखंडात अनेक ठिकाणी लोक अशा इमारतींना ‘जादूघर’ म्हणू लागले; कराचीतील लॉजगृहाला तर हे नाव कायमचेच चिकटले. पाकिस्तानने १९७२ मध्ये फ्रीमेसन संघटनेवर बंदी घातल्यानंतर लाहोर व कराची येथील इमारती सरकारकडे गेल्या आणि कराचीच्या वास्तूत सिंधच्या वन्यजीव खात्याची कचेरी आली.

बंदी नसलेल्या देशांतही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सभासद घटले आणि मोठ्या इमारतींचा खर्च पेलेनासा झाला. २०१३ मध्ये डेट्रॉइटच्या मंदिराचा थकलेला कर गायक जॅक व्हाइट याने भरला म्हणून ते वाचले. अशा वास्तूंचा दुसरा उपयोग करणेही सोपे नसते, कारण खिडक्या नसलेली, दोन-दोन मजले उंच दालने एकावर एक रचलेली असतात. घरांसाठी ती निरुपयोगी, कचेऱ्यांसाठी गैरसोयीची, आणि नाट्यगृह, लग्नसमारंभ किंवा मैफली यांना मात्र अगदी योग्य. म्हणूनच वाचलेल्या बहुतेक इमारती आज समारंभांच्या भाड्यावर चालतात. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकालगत ग्रेट ईस्टर्न हॉटेलमध्ये १९१२ मध्ये ग्रीक धाटणीचे संगमरवरी लॉजदालन बांधले होते, खुर्च्या, फरसबंदी आणि पूर्वेच्या आसनासकट. रस्त्यावरून त्याची कसलीच खूण दिसत नव्हती, आणि वापर थांबल्यावर ते इतके विस्मरणात गेले की १९९० च्या दशकात हॉटेलचे नूतनीकरण करणाऱ्यांना ते एका भिंतीमागे सापडले. आता हॉटेल ते दालन समारंभांसाठी भाड्याने देते.